उणिवेतून उमटलेली लकब

गेल्या मार्गशीर्षात दत्तजयंतीस गाणगापूरला गेलो होतो. परतताना आळंदास एका जुन्या मराठी कुटुंबात मुक्काम पडला. घरचा चौदा वर्षांचा मुलगा माझा विद्यार्थी. सुट्टीत कोल्हापुरास येऊन शिकतो. आवाज फुटल्यापासून त्याने तंबोऱ्यास हात लावला नव्हता. “गुरुजी, मला आता गाणे नको,” एवढेच तो म्हणाला.

त्याची समजूत घालण्यास दाखला जवळच होता. कडगंची त्याच आळंद तालुक्यातले. गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर तिथले मानतात. घरची भाषा कानडी. मराठी आपणांस येत नाही, असे त्यांनी ग्रंथातच कबूल केले आहे. म्हणूनच की काय, ओवी साधी राहिली. नामधारकाने पुसावे, सिद्धाने सांगावे, ही जुनीच रीत त्यांनी धरली. तो साधा ग्रंथ आज घरोघरी सप्ताहाला लावतात.

दुसरी गोष्ट माझ्या वडिलांनी सांगितलेली. संस्थान १९४९ साली विलीन झाले, त्यापूर्वी ऐन विशीत ते दरबारी गात. शाहू महाराजांच्या पदरी असलेले अल्लादियाखाँसाहेब (१८५५–१९४६) यांचा आवाज तरुणपणी अतिगायनाने बसला. पहिला गळा परत आला नाही. उरलेल्या गळ्यास साजेल अशी लयीत गुंफलेली, पेचदार गायकी त्यांनी रचली. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची ओळख ठरली.

मुलगा ऐकत होता. त्याने हळूच विचारले, “मग गवई कानावर हात का ठेवतात?”

पुष्कळांना तो नखरा वाटतो. पण कान झाकला की बाहेरचा गलबला कमी होतो आणि आपलाच आवाज आतून मोठा ऐकू येतो. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा भरल्या मैफलीत सूर तपासण्याचा हा सोपा उपाय होता. गरज होती, तिची पुढे लकब झाली.

हे सांगताना माझीच चूक मला उमगली. गळा बदलला तरी मी त्याच्याकडून जुन्याच काळी चारमध्ये गाऊन घेत होतो. त्याच रात्री तंबोरा काळी एकला उतरवला. पोराने भीत भीत कानावर हात ठेवला आणि षड्ज लावला. सूर खरखरीत होता, पण खरा होता. माजघरातून त्याची आजी बाहेर येऊन उंबऱ्याशी बसली.