एकास पाच
मृगाच्या आधीचे पंधरा दिवस दिग्रसमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी कपाशीचं बियाणं असतं. आर्णी रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत मात्र तेव्हा मिरचीच्या ट्रेंची घाई चाललेली. हिरव्या शेडनेटखाली उलट्या क्रेटवर बसून मी कोकोपीटची लेबलं वाचत होतो.

पुढ्यात दोन ब्लॉक, दोन्ही तमिळनाडूतल्या पोल्लाचीकडचे. एकावर निव्वळ वजन 5 किलो, किंमत, उत्पादनाचा महिना, तक्रारीसाठी फोन नंबर. आपल्या 2011 च्या वेष्टनबंद वस्तूंच्या नियमांना लागतं तेवढं सगळं. दुसरा परदेशी जायच्या मालातून उरलेला. त्याच्यावर मोठ्या अक्षरात 70 लिटर, खाली सामू आणि ईसी, म्हणजे क्षारांचा आकडा.

“काय वाचून राह्यले भाऊ? भिजवा ना दोन्ही,” मालक म्हणाला.

भिजवले. पाणी पडलं की ब्लॉक आधी काही करत नाही. मग कडेने पापुद्रे सुटतात, ओल्या सुंभाचा वास येतो आणि बघता बघता टाकी तपकिरी भुशाने भरते. एक ब्लॉक रंगाच्या 20 लिटरच्या बादलीने मोजला तर तीन बादल्या भरून वर थोडं उरलं. तेवढ्यात कामावरच्या बाईंनी सवयीने बादली जमिनीवर दोनदा आपटली आणि माल चार बोटं खाली बसला. आता लिटर किती धरायचे? युरोपात याच चार बोटांसाठी ईएन 12580 नावाचं मानक आहे: माल चाळणीतून ठरलेल्या भांड्यात पडू द्यायचा, काठाशी सपाट करायचा, वजन घ्यायचं आणि त्यावरून पोत्यातले लिटर काढायचे. आपटायचं नाही. आपल्याकडे किलोचा हिशेब, म्हणजे ओलसर मालात पाण्याचेही पैसे.

ईसीची गोष्ट जास्त दुखरी. माझ्या परसातल्या मिरचीची शेंडेपानं एकदा करपली होती. पिशवीवर ‘धुतलेलं’ असं छापलेलं होतं. नारळाच्या सोडणात सोडियम आणि पोटॅशियम मुरलेलं असतं. नुसत्या धुण्याने वरवरचं निघतं. आत चिकटलेलं काढायला कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवावं लागतं. कॅल्शियम त्यांची जागा घेतं. ते केलं नसेल तर भुसा रोपाच्या वाट्याचं कॅल्शियम स्वतःच धरून ठेवतो.

तेव्हापासून माझ्याकडे पेनाएवढा मीटर आहे. पहिल्यांदा बोअरच्या पाण्यात मोजलं आणि घाबरलो. ते क्षार पाण्याचेच होते. आता ऑटोच्या दुकानातून बॅटरीचं पाणी आणतो.

रोपवाटिकेत त्या दिवशी एक उपद्व्याप केला. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात सेंद्रिय खताच्या ईसीला मर्यादा आहे. मोजायची रीतही दिली आहे: 20 ग्रॅम खत, 100 मिली पाणी, एकास पाच. गांडूळखताचा ग्लास ढवळून ठेवला, वर चहासारखं पाणी राहिलं, मीटर बुडला. मग ब्लॉकचा भिजायचा राहिलेला कोरडा चुरा 20 ग्रॅम घेतला. 100 मिली पाणी ओतलं आणि पाच मिनिटांत ते नाहीसं झालं. कोकोपीट वजनाच्या आठ-नऊ पट पाणी पितं, त्याला पाचपट म्हणजे घोटभर! मीटर बुडवायला थेंब नाही.

युरोपची रीतही एकास पाचच आहे, पण मापाने. एक वाटी ओलसर माल, पाच वाट्या पाणी. ती लगेच जमली. म्हणजे दोन्ही कागदांवर ‘1:5’ आणि अर्थ मात्र दोन.

युरोपीय संघाच्या 2019/1009 या नियमात रोपमाध्यमाला स्वतःचा वर्ग आहे. 16 जुलै 2022 पासून हा नियम लागू झाला. आपला आदेश खताचा, आणि कोकोपीट काही रोपाचं पोट भरत नाही, मुळांना जागा देतं. दोन्हीकडचे नियम जुळवायला बसणाऱ्यांनी मर्यादेचे आकडे जुळवण्याआधी वाटी की तराजू एवढं ठरवावं, असं मला वाटतं. सारखी मर्यादा वेगळ्या मापाने लावली तर पोल्लाचीचा तोच ब्लॉक एकीकडे पास आणि दुसरीकडे नापास.

मालकाला हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, बादलीतला माल 98 कप्प्यांच्या ट्रेवर पसरला, तळहाताने कप्प्यांत सारला.

“लिटर तुमच्यापाशी ठेवा,” तो म्हणाला. “एका ब्लॉकात ट्रे किती भरते, थे लिहा म्हणा त्याईले.”

कोरड्या चुऱ्याचा ग्लास तोपर्यंत काठोकाठ फुगला होता. बाईंनी तोही ट्रेवर उपडा केला.