घोड्याची शाळा

(इयत्ता ७ वी)

बालमित्रांनो, आपल्या मांजरी-हडपसर भागाची ओळख जशी ऊस-द्राक्षांची, तशीच घोड्यांचीही आहे. पूनावाला कुटुंबाने १९४६ साली येथे घोड्यांची पैदास सुरू केली. १९६६ साली निघालेल्या सीरम इन्स्टिट्यूटचे मूळही घोड्यांतच आहे. धनुर्वातावरचे औषध तेव्हा घोड्याच्या रक्तापासून करीत.

माझे आबा तीस वर्षे मोतद्दार होते. शिंगराच्या पाठीवर माणूस बसण्याआधी त्याला जमिनीवरून कसे शिकवतात, ते त्यांनी मला सांगितले. शिंगरू दीड-दोन वर्षांचे असते. हाडे कोवळी असतात. म्हणून ओझ्याआधी शिक्षण.

आपले वडील नांगर धरून बैलांमागे चालतात. हातात कासरा असतो. तसेच हे काम आहे. फक्त कासऱ्याऐवजी दोन लांब दोऱ्या असतात, प्रत्येकी वीस-पंचवीस फुटांची. पण फरकही मोठा आहे. कासरा वेसणीला असतो, घोड्याला वेसण नसते. लगामाची कडी त्याच्या तोंडात, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर बसते. ती जागा फार नाजूक. शिवाय नव्या गोऱ्ह्याशेजारी जुना बैल जुंपता येतो. शिंगरू बिचारे एकटेच शिकते.

शिकवण्याच्या पायऱ्या अशा :

१) आधी मोहरकी घालून हाताशी चालवतात. हात फिरवतात, खरारा करतात. माणसाची भीती गेली पाहिजे.

२) मग एकाच लांब दोरीवर गोल फिरवतात. ‘चल’, ‘थांब’ हे शब्द येथेच कळतात. डावीकडून जितके फेरे, तितकेच उजवीकडून. नाहीतर घोडा एका अंगाचा होतो.

३) पाठीवर कडी लावलेला पट्टा आवळतात. तोंडात लगाम देतात. दोरी मागच्या पायांना हळूच लावून सवय करतात. नाहीतर पाय लागताच लाथ बसते.

४) शेवटी दोन्ही दोऱ्या पट्ट्याच्या कड्यांतून मागे आणतात. पहिले काही दिवस एक माणूस तोंडाशी असतो, दुसरा मागे.

उजवीकडे वळवायचे तर उजवी दोरी हलकी आवळायची आणि त्याच वेळी डावी सैल सोडायची. दोन्ही ओढल्या तर घोडा गोंधळतो. थांबवायचे तर आधी शब्द, मग दोरी. थांबला की लगेच सैल. हीच त्याची शाबासकी. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. दिसत नाही ते फक्त अगदी शेपटीमागचे आणि नाकासमोरचे. म्हणून मागचा माणूस सरळ मागे न चालता थोडा बाजूने, लाथेच्या टप्प्याबाहेर चालतो आणि बोलत राहतो.

आबांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. तरुणपणी त्यांनी दोरी हाताला गुंडाळली होती. कशाने तरी शिंगरू बिचकले आणि बोट मोडले. ते म्हणतात, ‘‘पोरा, दोरी हातात धरायची, हाताला गुंडाळायची न्हाई. आन् घोड्याचं तोंड एकदा ओढून ओढून दगड झालं, की जन्मात नीट होत न्हाई.’’

परदेशातही ही विद्या मानाची आहे. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात स्पॅनिश रायडिंग स्कूल नावाची जुनी शाळा आहे. तेथे पांढरे घोडे पाठीवर कोणी नसताना नुसत्या दोऱ्यांवर सुंदर चाली करतात. २०१५ साली युनेस्कोने या विद्येला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली.

मित्रांनो, रस्त्याने असा घोडा चाललेला दिसला तर हाळी देऊ नका, सायकलची घंटी वाजवू नका, मागून पळू नका. दिवाळीत तबेल्याजवळ फटाके उडवू नका. आपली गंमत होते, पण दोरी धरलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. तो माणूसही कुणाचा तरी बाप असतो.