तुकडे अनेक, रंग एक

गायकवाडांच्या बडोदे संस्थानाचा जुना नकाशा समोर घेतला, की संस्थान कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हेच पटकन कळत नाही. क्षेत्रफळ सुमारे आठ हजार चौरस मैल, पण सलग नाही. मध्ये बडोदे प्रांत, उत्तरेला कडी (पुढे मेहसाणा), दक्षिणेला नवसारी, पार काठियावाडात अमरेली आणि द्वारकेपाशी ओखामंडळ. मधल्या जागेत भडोच, सुरत, अहमदाबाद, खेडा हे इंग्रजी जिल्हे आणि लहानमोठ्या संस्थानांची गर्दी. कोडीनार तर ज्या अमरेली प्रांतात मोडायचं, त्यापासूनही तुटलेलं. असा मुलूख रंगवणाऱ्याला एक पथ्य पाळावंच लागे. तुकडा द्वारकेला असो की नवसारीला, तो गायकवाडांचा असेल तर रंगही गायकवाडांचाच. रंग जागेवरून ठरत नसे, नावावरून ठरत असे.

इंग्रजांनी आपल्या हिंदुस्थानच्या नकाशांत ही कटकट ठेवलीच नव्हती. खालसा मुलूख गुलाबी, संस्थानं सरसकट पिवळी. बडोदे पिवळं आणि त्याला लागून असलेलं राजपिपळाही पिवळं. त्यांना सत्ता कुणाची एवढंच दाखवायचं होतं, त्यामुळे ते चूकही म्हणता येत नाही. म्हणजे ‘बरोबर रंगवणं’ याचे दोन अर्थ आहेत. शेजाऱ्याशेजाऱ्यांना वेगळे रंग देणं हा एक, आणि ज्याचा रंग त्यालाच मिळणं हा दुसरा. गणितज्ञांनी सव्वाशे वर्षं पहिल्यावर डोकं खपवलं. संगणकावर नेटवर्कची चित्रं काढणारे मात्र दुसऱ्यावर अडखळतात, आणि आजही अडखळत आहेत.

पहिल्याची कथा १८५२ पासून सुरू होते. फ्रान्सिस गथ्री या तरुणाला इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना वाटलं, की चार रंग कुठल्याही नकाशाला पुरावेत. १८७९ मध्ये आल्फ्रेड केंप या वकिलाने सिद्धता दिली. त्याच लेखात त्याने एक युक्ती सुचवली: नकाशावर पातळ कागद ठेवा, प्रत्येक प्रदेशासाठी एक ठिपका काढा आणि सीमा लागून असलेल्या प्रदेशांचे ठिपके रेषेने जोडा. नकाशा बाजूला ठेवला तरी प्रश्न तोच राहतो. ठिपका म्हणजे नोड, आणि ठिपके-रेषांचं हे जाळं म्हणजे आलेख किंवा ग्राफ. आज आपण ज्याला नोड रंगवणं म्हणतो, ते इथे आलं.

केंपची सिद्धता अकरा वर्षं टिकली. १८९० मध्ये पर्सी हीवूडने तिच्यातली फट दाखवली आणि चाराऐवजी पाच रंग पुरतात एवढंच पक्कं केलं. नेमक्या त्याच वर्षी बडोद्यात सयाजीरावांनी कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख होते, आणि कापडाचं रंगकाम हा तिथला महत्त्वाचा विषय. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण हीवूडच्या त्याच लेखात आणखी एक प्रश्न होता, आणि तो जणू बडोद्याचा नकाशा पाहूनच सुचावा असा आहे. प्रत्येक राज्याचे एकापेक्षा जास्त तुकडे असतील आणि एका राज्याच्या सगळ्या तुकड्यांना एकच रंग द्यायचा असेल, तर किती रंग लागतील? हीवूडचं उत्तर: तुकड्यांच्या सहापट पुरतील. प्रत्येक राज्याचे जास्तीत जास्त दोन तुकडे असले तर बारा, आणि बारा खरोखरच लागतील असा नकाशाही त्याने काढून दाखवला. पाच तुकड्यांपर्यंतची राज्यं असतील तर तीस. तीनपासून पुढच्या सगळ्या तुकड्यांसाठी ही सहापट खरोखरच लागते, हे जॅक्सन आणि रिंगेल यांनी १९८४ मध्ये सिद्ध केलं.

चार रंगांचा आधार का सुटतो हे बडोद्यावरून चांगलं समजतं. ठिपक्यांच्या भाषेत सगळे तुकडे मिळून बडोदे हा एकच नोड होतो. द्वारकेचे, सुरतेचे, अहमदाबादचे असे सगळे शेजारी त्या एका नोडला येऊन मिळतात, रेषा एकमेकींना छेदू लागतात आणि सपाट कागदावर मांडता येणाऱ्या आलेखाचा नियम उरत नाही. हे सारं एका नावापायी. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा नकाशातला हा नोड पुसला गेला. आदल्याच दिवशी, ३० एप्रिलला, महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं. कलाभवन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा बनलं.

मधल्या काळातलं एक मराठी नाव वगळून पुढे जाता येत नाही. नागपुरात शिकलेले शरदचंद्र श्रीखंडे यांनी राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर यांच्यासोबत १९५९ मध्ये ऑयलरचं लॅटिन चौरसांबद्दलचं अनुमान खोटं ठरवलं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच वर्षीचा ‘श्रीखंडे आलेख’ तितकासा माहीत नसतो. सोळा नोड, प्रत्येकाला सहा शेजारी. सगळ्या मोजमापांत त्याच्यासारखाच दुसरा एक आलेख आहे: चार बाय चारच्या पटावर हत्ती एका चालीत कुठून कुठे जाऊ शकतो त्याचा. आकडे तेच, शेजाऱ्यांच्या जोड्यांचा हिशेबही तोच, तरी आलेख वेगळे. फरक रंगाने दिसतो. एक नोड लाल करा, त्याचे सहा शेजारी निळे करा. श्रीखंडे आलेखात निळ्या नोडांचं एक षटकोनी कडं होतं, हत्तीच्या आलेखात दोन सुटे त्रिकोण. मात्र रंग एका घराने जरी सरकले तरी हा पुरावा हातचा जातो. कोडमध्ये नेमकं तेच होतं.

१९७६ मध्ये ॲपल आणि हाकेन यांनी बाराशे तास संगणक चालवून चार रंगांचा प्रश्न संपवला. यंत्राने रंगवलेलं खरं मानायचं का, यावर गणितज्ञ बरीच वर्षं वाद घालत राहिले. नव्वदच्या दशकात आलेखांची चित्रं काढणारं बेल लॅब्जचं ग्राफव्हिझ आलं. त्यात नोडचं नाव लिहून पुढे कंसात त्याचा रंग लिहायचा. ‘स्टाइल’मध्ये भरीव असं सांगायला विसरलात तर आतला रंग दिसत नाही, हा त्रास आहेच. पण एकाचा रंग दुसऱ्याला जाण्याची सोय तिथे नाही. रंग नावाला चिकटलेला असतो. ही जुनी, ओबडधोबड पद्धत मला आजही सर्वांत विश्वासाची वाटते.

पुढे पायथॉन या संगणकभाषेत लॉस अलामोसला तयार झालेलं नेटवर्कएक्स आलं. २००५ पासून ते सर्वांना खुलं झालं आणि आज महाविद्यालयांत ग्राफ शिकवताना बहुधा तेच वापरलं जातं. त्याच्या चित्र काढणाऱ्या फंक्शनला ‘नोड कलर’ म्हणून रंगांची लिस्ट द्यायची असते. फक्त लिस्ट, नावं नाहीत. पहिला रंग पहिल्या नोडला, दुसरा दुसऱ्याला. आता पहिला नोड कोणता?

उदाहरण बडोद्याचंच घेऊ. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, मियागाम ते डभोई हा देशातला पहिला नॅरोगेज मार्ग झाला. सुरुवातीला गाड्या बैल ओढत. पुढे डभोईहून चहूकडे फाटे निघाले. समजा आपण कोडमध्ये जोड्या अशा भरल्या: मियागाम–डभोई, डभोई–चांदोद, डभोई–बोडेली, डभोई–प्रतापनगर, डभोई–समलाया. नोडांचा क्रम ते ज्या क्रमाने भेटले तोच, म्हणजे आधी मियागाम, मग डभोई, मग बाकीचे. आता ‘ग्रीडी कलर’ हे तयार फंक्शन चालवू. सर्वांत जास्त शेजारी असलेल्या नोडपासून रंगवायला घेणं ही त्याची नेहमीची रीत, १९६७ च्या वेल्श आणि पॉवेल यांच्या वेळापत्रकांवरच्या लेखातून आलेली. त्यामुळे ते डभोई आधी रंगवतं: डभोईला ०, बाकी पाचांना १. उत्तर डिक्शनरीत येतं, नावासकट, अगदी बरोबर. मग आपण काय करतो? त्या डिक्शनरीतले नुसते आकडे काढून लिस्ट करतो, ०, १, १, १, १, १, आणि चित्राला देतो. पहिला आकडा मियागामला जातो. डभोई आणि चांदोद शेजारी असून एकाच रंगाचे, आणि एका टोकाचं मियागाम जंक्शनसारखं उठून दिसतं. एरर नाही, इशारा नाही. सहा नोड, सहा रंग, संगणकाच्या लेखी हिशेब जमला.

लिस्टची लांबी चुकली तर एरर येते. क्रम चुकला तर येत नाही. या चुकीचा सगळा त्रास एवढ्यातच आहे. उपाय एका ओळीचा आहे: आलेखातल्या नोडांवरून एकेक करत जा आणि प्रत्येकासाठी डिक्शनरीतून त्याच्या नावाने रंग काढा. मग लिस्ट १, ०, १, १, १, १ अशी होते. रंग एखाद्या तक्त्यातून येत असतील तर धोका जास्त. तक्ता अकारविल्हे लावलेला असतो, नोड जोड्यांच्या क्रमाने आलेले असतात. तिथेही आधी तक्ता नोडांच्या नावांप्रमाणे लावून घ्यावा. एखादं नाव तक्त्यात नसेल तर नावाने शोधताना एरर येते, आणि ती यावीच.

या चुकीचा स्वभाव मधल्या काळात बदलला, तो असा. पायथॉनच्या जुन्या डिक्शनरीला स्वतःचा असा क्रम नव्हता. २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून तर सुरक्षेसाठी अक्षरी नावांचं हॅशिंग दर खेपेला बदलायचं. तोच कोड सकाळी चालवला तर डभोई लाल, संध्याकाळी हिरवं. लोक वैतागायचे, पण चूक निदान लपत नसे. २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून डिक्शनरी भरलेल्या क्रमाने राहील अशी हमी भाषेनेच दिली. तेव्हापासून चुकीचं चित्रही दर वेळी तसंच्या तसं येतं, आणि तेच ते दिसलं की माणूस त्यावर विश्वास ठेवतो. सोय झाली हे खरं, पण ही सोय चुकीला पांघरूण घालणारी ठरली.

हा रोग एकट्या पायथॉनचा नाही. २०११ मध्ये आलेल्या डीथ्री या जावास्क्रिप्टच्या साधनात माहिती वर्तुळांना जोडताना ‘की’ दिली नाही, तर जोडणी नुसत्या क्रमांकाने होते. मधला एक नोड गाळला की पुढच्या साऱ्यांच्या अंगावर आधीच्याचा रंग. आयग्राफ या आलेखांच्या साधनात नोड काढून टाकला की उरलेल्यांना नवे क्रमांक मिळतात. रंग नोडचाच गुण म्हणून साठवला असेल तर तो बरोबर जातो, बाहेर वेगळ्या यादीत ठेवला असेल तर घसरतो. रंगांची निवड हा वेगळा विषय. आकड्यांवरून रंग देणाऱ्या मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये झगमगीत ‘जेट’ सोडून ‘विरिडिस’ घेतलं, तेव्हा ज्यांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्यांचीही सोय झाली. पण चांगला रंग चुकीच्या नोडला गेला, तर नुसतं चुकीचं चित्र देखणं होतं.

नेटवर्कएक्सचं ‘ग्रीडी कलर’ आजही डिक्शनरीच देतं आणि चित्र काढणारं फंक्शन आजही लिस्टच मागतं. मधलं भाषांतर आपल्या अंगावर आहे. तेव्हा चित्र छापायला देण्याआधी तुम्हाला पक्का माहीत असलेला एक नोड शोधा आणि त्याचा रंग तपासा. तो चुकला असेल तर बाकीच्यांकडे बघत बसू नका, लिस्ट नावांवरून नव्याने करा.