पूजेच्या तबकातील अरबी सुगंध

नवरात्रात कवठे महांकाळच्या श्रीमहांकालीचे स्मरण करून आपण पूजेचे तबक सजवितो. त्यात अत्तर असते, अबीर असतो. हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. परंतु आपल्या देवघरात ते इतके मुरले आहेत की त्यांचे परकेपण कुणाला जाणवतही नाही.

ही देवघेव एकमार्गी नव्हती. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने पंचतंत्रातील कथा पहलवीतून अरबीत आणल्या. आपले करटक व दमनक तेथे ‘कलीला’ व ‘दिम्ना’ झाले. युरोपने ज्यांना ‘अरबी अंक’ म्हटले, त्यांना अरब विद्वानांनी मात्र ‘हिंदी अंक’ असेच नाव देऊन ऋण मान्य केले.

अशा सेतुकार्याचा गौरव आज युनेस्कोचे शारजा पारितोषिक करते. १९९८ साली स्थापन झालेला हा सन्मान अरब संस्कृतीची ओळख जगाला करून देणाऱ्यांसाठी आहे. अरबांबाहेरच्या अभ्यासकांनाही तो दिला जातो, हे विशेष होय.

वाचकहो, दुसऱ्याचे चांगले आदराने स्वीकारल्याने आपली श्रद्धा उणावत नाही. देवीला अत्तर वाहताना आपल्या पूर्वजांनी हेच आचरणातून शिकविले. ते ऋण जाणणे, हीही एक पूजाच!