कोकोपीट परदेशी पाठवताना : नाव, कागद आणि पॅकिंग

नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा तपकिरी भुसा पूर्वी ढिगाने पडून राहत असे. आज तोच वाळवून, दाबून त्याचे ठोकळे होतात आणि परदेशातल्या रोपवाटिकांत मातीऐवजी वापरले जातात. मंडळाच्या काही सभासदांनी या व्यवसायाबद्दल विचारणा केली, म्हणून ही माहिती देत आहोत.

सुरुवात नावापासून करू. खरे पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजत साचलेले शेवाळ आणि इतर वनस्पती. कॅनडा, लाटव्हिया, एस्टोनिया येथून ते मोठ्या प्रमाणावर बाहेर जाते. सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचे शीर्षक २७०३, म्हणजे दगडी कोळशाच्या शेजारचे. कोकोपीटच्या नावात पीट असले तरी तो काथ्याचाच भुसा. आपल्याकडून तो ५३०५ या काथ्याच्या शीर्षकाखाली जातो. कागदांवर नुसते ‘पीट’ लिहिले तर मालाचे वर्णन आणि क्रमांक जुळत नाहीत आणि कंटेनर तपासणीत अडकू शकतो. अडकलेल्या प्रत्येक दिवसाचे भाडे आपल्याच खिशातून जाते. सुटे पीट जहाजाच्या पोटात भरण्याचे सुरक्षेचे नियमही वेगळे आहेत, कारण ते बंद जागेतील प्राणवायू कमी करते. तेव्हा ‘नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबलेले ठोकळे’ असे पूर्ण वर्णन इंग्रजीत लिहावे. पलीकडच्या देशात कोणते शीर्षक लावतात, हे माल भरण्याआधीच खरेदीदाराकडून लेखी घ्यावे.

भुशात आणखी काही मिसळले की प्रश्न बदलतो. वाळू, माती वगैरे घालून तयार केलेले कुंडीमिश्रण ३८२४ मध्ये जाऊ शकते. त्यात माती असेल तर अनेक देश ते आतच घेत नाहीत. नवख्याने शुद्ध भुसाच पाठवावा, असे आमचे मत.

आता क्षारांकडे. सोडण खाऱ्या पाण्यात भिजवलेले असेल तर भुशात मीठ उतरते आणि रोपे जळतात. म्हणून भुसा गोड्या पाण्याने धुतात. विद्युतवाहकता ०.५ मिलिसिमेन्सच्या आत असेल तर तो ‘लो ईसी’ माल. पुढे कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून धुतला की ‘बफर्ड’. न धुतलेला, धुतलेला आणि बफर्ड हे तिन्ही ठोकळे डोळ्यांना सारखेच दिसतात! प्रत्येक पॅलेटवर प्रत आणि लॉट क्रमांक हवा, आणि पॅकिंग लिस्टमध्ये तोच हवा.

नेहमीचा ठोकळा ५ किलोचा, सुमारे ३० सेंटिमीटर लांब-रुंद. पाण्यात टाकला की त्याचा साधारण ७० लिटर भुसा होतो. हा गुण बागेत कामाचा, कंटेनरमध्ये घातक. ओल शिरली तर ठोकळे फुगतात, गुंडाळलेले प्लास्टिक फाटते, बुरशी धरते. ओलावा २० टक्क्यांच्या आत आल्याशिवाय ठोकळे गुंडाळू नयेत. पावसाळ्यात उघड्यावर भरणी नकोच. कंटेनरचे छत आतून उजेडाकडे पाहून तपासावे, कारण टाचणीएवढे भोकही पुरते. ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगाव्यात. लांबच्या प्रवासात रात्री थंडावलेल्या छतावर दव धरते आणि ते वरच्या थरावर टपकते.

एका पॅलेटवर साधारण २०० ते २४० ठोकळे बसतात. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा शिक्का पाहून घ्या. तो लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याची खूण आहे. उष्णतेच्या पद्धतीत लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटे तापवतात. माल धुतलेला, स्वच्छ असला तरी बिनशिक्क्याच्या पॅलेटमुळे सगळी खेप परत येऊ शकते.

वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागत असेल तर निर्यातीपूर्वी घ्यावे लागते, जहाज सुटल्यावर धावपळ करून उपयोग नाही. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजनही जहाजावर चढवण्याआधी द्यावे लागते. ते इन्व्हॉइसमधील आकड्यांवरून अंदाजे न लिहिता काट्यावरचे द्या. दमट हवेत ठोकळे ओल धरतात आणि वजन वाढते.