कपड्यांआड पाहणाऱ्या लहरी

अंगावरच्या कपड्यांआड लपवलेले शस्त्र किंवा स्फोटक हात न लावता शोधण्यासाठी मायक्रोवेव्ह प्रतिमांकन वापरतात. मायक्रोवेव्ह म्हणजे ३०० मेगाहर्ट्‌झ ते ३०० गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यातल्या रेडिओलहरी. त्यांची तरंगलांबी एक मीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत असते. कोरडे सुती, रेशमी किंवा लोकरी कापड या लहरींना फारसे अडवत नाही. त्वचेत मात्र भरपूर पाणी असते. त्यामुळे विमानतळावरच्या यंत्रातली लहर त्वचेच्या पहिल्या मिलिमीटरभरातच विरते आणि तिचा बराच भाग परत फिरतो. धातू तर जवळजवळ सगळीच लहर परतवतो. प्लॅस्टिक, चिनी माती आणि बहुतेक स्फोटके या दोन टोकांच्या मधली: लहर काहीशी आरपार जाते, काहीशी परतते.

या मधल्या पदार्थांमुळेच नव्या यंत्रांची गरज पडली. मॉलच्या किंवा रेल्वे स्थानकाच्या दारातली धातुशोधक चौकट चुंबकीय क्षेत्रावर चालते. विजेचा वाहक असलेली वस्तू त्या क्षेत्रातून गेली, तरच ती वाजते. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात पीईटीएन हे स्फोटक दडवून नेले होते. त्यात धातू नसल्याने चौकटीने काहीच दाखवले नाही. स्फोट फसला आणि विमान वाचले. ॲमस्टरडॅमच्या स्खिफोल विमानतळावर २००७ पासून मिलिमीटर लहरींची, म्हणजे आखूड मायक्रोवेव्हची, यंत्रे होती, पण या प्रवाशाची तपासणी त्यांतून झालेली नव्हती. त्यानंतर जगभरात या यंत्रांची मागणी झपाट्याने वाढली.

पदार्थ लहरीला कसा प्रतिसाद देतो, हे सांगणाऱ्या आकड्याला डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणतात. हवेसाठी तो १ आहे. प्लॅस्टिक आणि अनेक स्फोटकांसाठी तो साधारण २ ते ४ असतो. पाण्याचा स्थिरांक कमी वारंवारतेला ८० च्या आसपास असतो आणि वारंवारता वाढेल तसा उतरतो. या मापनाची चांगली परंपरा मराठवाड्यात आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात वेगवेगळे द्रव आणि त्यांची मिश्रणे मायक्रोवेव्ह लहरींना कसा प्रतिसाद देतात, यावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. हे काम सुरक्षेसाठी म्हणून झालेले नाही. तरीही कपड्यांआडची वस्तू दिसते ती शरीराच्या आणि तिच्या स्थिरांकातल्या फरकामुळेच. म्हणून अशा मूलभूत मोजमापांचे मोल मोठे आहे.

प्रतिमा बांधण्याची रीत अशी. प्रवासी दोन्ही हात वर करून यंत्रात उभा राहतो. अँटेनांच्या उभ्या रांगा त्याच्याभोवती फिरतात किंवा समोरच्या सपाट फळीवर बसवलेल्या असतात. प्रत्येक अँटेना क्षीण लहर सोडते आणि परत आलेल्या लहरीची तीव्रता व कला, म्हणजे तिच्या चढउतारांची नेमकी अवस्था, नोंदवते. कलेवरून अंतर कळते आणि शेकडो जागांवरच्या नोंदी गणिताने जुळवल्या की त्रिमितीय चित्र उभे राहते. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने ही पद्धत विमानतळाच्या तपासणीसाठी विकसित केली. अनेक लहान अँटेनांच्या नोंदी जोडून एका मोठ्या अँटेनाचे काम करून घेण्याचे हे तत्त्व नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीतही आहे. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून आपोआप येणाऱ्या लहरी टिपतात. विमानतळावरचे यंत्र स्वतःच लहर सोडून तिचा परतावा टिपते.

चित्र किती बारीक दिसेल, हे तरंगलांबीवर आणि पट्ट्याच्या रुंदीवर ठरते. २४ ते ३० गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरणाऱ्या यंत्राला खोलीच्या दिशेने सुमारे अडीच सेंटिमीटरचा फरक वेगळा दिसतो, तर ७० ते ८० गिगाहर्ट्‌झच्या यंत्राला दीड सेंटिमीटरचा. आडव्या-उभ्या दिशेने बारकावा यापेक्षा चांगला, काही मिलिमीटरांचा मिळतो. इतक्या आखूड लहरींचे प्रयोग जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात केले होते. त्यांनी ५ मिलिमीटर तरंगलांबीच्या लहरीही निर्माण केल्या होत्या.

मायक्रोवेव्ह म्हटले की लोकांना ओव्हन आठवतो आणि भीती वाटते. ओव्हन बंद पेटीत शेकडो वॉट शक्ती कोंडतो. तपासणी यंत्राची लहर मोबाइल फोनच्या लहरीपेक्षाही कितीतरी क्षीण असते. क्ष-किरण अणूतला इलेक्ट्रॉन उडवू शकतात. ३० गिगाहर्ट्‌झच्या लहरीच्या एका कणाची ऊर्जा त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या हजारो पटींनी कमी पडते.

खासगीपणाचा प्रश्न अधिक खरा होता. सुरुवातीच्या यंत्रांत शरीराचा आकार पडद्यावर उघड दिसे आणि त्यावर झालेला संताप रास्तच होता. आता संगणक चित्र कोणालाही न दाखवता तपासतो आणि सर्वांसाठी सारख्या बाहुलीवजा आकृतीवर फक्त संशयास्पद जागेची चौकट काढतो. भारताच्या नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने एप्रिल २०१९ मध्ये ८४ संवेदनशील व अतिसंवेदनशील विमानतळांना मार्च २०२० पर्यंत असे स्कॅनर बसवण्यास सांगितले आणि अशाच बाहुलीच्या आकृतीची अट घातली. ती मुदत पुढे ढकलावी लागली, पण अट योग्यच होती.

हे यंत्र पदार्थ ओळखत नाही, आजूबाजूपेक्षा वेगळे काय आहे एवढेच दाखवते. त्यामुळे घामाने भिजलेला सदरा किंवा कापडाची जाड घडीही कधीकधी संशयास्पद ठरते. पैठणीच्या पदरातली धातूची जर लहर परतवते आणि तिच्यामागचे झाकून टाकते. अशा वेळी महिला सुरक्षारक्षकाने हाताने केलेली तपासणीच कामी येते. म्हणूनच, यंत्र कितीही सुधारले तरी प्रशिक्षित माणसाची जागा ते घेऊ शकत नाही.

जमिनीखालचा धोका शोधताना त्याच लहरी वेगळ्या अडचणीत सापडतात. १ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि एक वाहनचालक मारले गेले. असे सुरुंग शोधण्यासाठी जमिनीत पाहणारे रडार लांब तरंगलांबीच्या, साधारण काहीशे मेगाहर्ट्‌झ ते तीन गिगाहर्ट्‌झच्या, लहरी वापरते. आखूड लहर मातीत लगेच विरते. कोरड्या वाळूत हे रडार चांगले चालते. मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखी चिकणमाती पाणी धरून ठेवते, आणि पावसाळ्यात ती लहर झपाट्याने शोषते. शिवाय दगड, मुळे आणि बिळेही वेगळी वस्तू असल्यासारखी दिसतात. म्हणून काही भूसुरुंगशोधक यंत्रांत रडार आणि धातुशोधक एकाच दांड्यावर जोडलेले असतात, आणि श्वानपथकाचे कामही चालूच असते.