कुत्र्याच्या गाठीला दोरा बांधू नका

राखणीच्या कुत्र्याच्या कातडीवर गाठ दिसली की कोणी दोरा आवळतो, कोणी चुना लावतो. हे थांबवा. कर्करोगाची गाठ एक-दोन मिलिमीटरपुढे वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, असे अमेरिकेतले डॉ. जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले. गाठ ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन सोडते आणि उसाला यावेत तसे शेजारच्या वाहिन्यांना फुटवे येतात. गाठीचा पातळ काप रंगवून या वाहिन्या मोजता येतात. कुत्र्यांच्या ‘मास्ट सेल’ गाठीत त्या दाट असल्या तर गाठ बहुधा वाईट जातीची निघते. ही मोजणी अजून संशोधनातच जास्त. पण गाठ कसली, हे साध्या तपासणीतही कळतं. म्हणून डॉक्टरांनी काढलेली गाठ उकिरड्यावर टाकू नका, दहा टक्के फॉर्मालिनमध्ये घालून तपासणीला पाठवायला सांगा. तोवर ती चोळू नका. मास्ट सेल गाठ चोळली की सुजते.